रुग्णाचे गुपित आणि राजाचा रोष

रुग्ण वैद्यापुढे बसतो तेव्हा तो केवळ आपले शरीर त्याच्या स्वाधीन करीत नाही. स्वतःविषयीची माहितीही स्वाधीन करतो. जे आईला सांगितलेले नसते, सहचराला सांगितलेले नसते, कित्येकदा स्वतःशीही कबूल केलेले नसते, ते वैद्याला सांगावे लागते. कारण ते न सांगितल्यास निदान चुकते आणि निदान चुकले की औषध विष ठरू शकते. ही माहिती अन्यत्र जाणार नाही, या भरवशावरच ती दिली जाते. भरवसा ओसरला की माहिती आटते आणि माहिती आटली की वैद्यक आंधळे होते. म्हणून गोपनीयता हा वैद्याच्या शिष्टाचाराचा भाग आहे एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. नाडीपरीक्षा जितकी आवश्यक, तितकेच हे मौनही उपचारासाठी आवश्यक असते.

प्राचीनांना याची स्पष्ट जाणीव होती. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेत, उपचाराच्या ओघात जे दिसले वा ऐकले ते बाहेर बोलू नये, असे बंधन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना आचार्य जो उपदेश करतात, त्यातही रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर नेऊ नये, असे बजावलेले आहे. भारतीय वैद्यकाची थोरवी सांगताना या वचनाचा उल्लेख अभिमानाने केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच उपदेशातील दुसऱ्या एका आज्ञेकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. राजा ज्यांचा द्वेष करतो किंवा जे राजाचा द्वेष करतात, महाजनांना जे नकोसे झाले आहेत, आणि ज्यांच्याजवळ पती अथवा पालक उपस्थित नाही अशा स्त्रिया, यांना औषध देऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. एकाच उपदेशात, काही वाक्यांच्या अंतराने, या दोन्ही आज्ञा नांदतात. घरातल्या रुग्णाचे गुपित वैद्य राखील. पण ज्याच्यावर राजाचा रोष आहे त्याला तो दारातच उभे करणार नाही, मग गुपित राखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या दोन आज्ञांमधील ताण हा केवळ प्राचीन इतिहासाचा विषय नाही. कायद्याने ज्या उपचाराला धड परवानगीही दिलेली नाही आणि धड मनाईही केलेली नाही, किंवा जो उपचार एका प्रांतात हक्क आणि शेजारच्या प्रांतात गुन्हा आहे, तो घेऊ पाहणारी व्यक्ती नेमकी या दोन आज्ञांच्या मधल्या जागेत उभी असते. ती रुग्ण आहे म्हणून तिला मौनाचा आश्रय हवा. ती संशयित होऊ शकते म्हणून राज्यसंस्थेला तिच्या बोलण्यात रस. आणि आज तिचे बोलणे वैद्याच्या कानाशी थांबत नाही. ते मोबाईलमधून, शोधयंत्रातून, औषधाच्या देयकातून आणि रुग्णालयाच्या संगणकातून जात असते. अशा व्यक्तीचे गुपित राखण्याची जबाबदारी कोणाची, हा या काळाचा एक खरा नैतिक प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकातील पुण्यात कृतीने दिले गेले होते. जोतीराव फुले यांनी बेहरामजी मलबारींच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणाला उत्तर म्हणून डिसेंबर १८८४ मध्ये जो अभिप्राय लिहिला, त्यात काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत येते. फुल्यांच्या एका स्नेह्याच्या घरी ती स्वयंपाकीण होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले. ती गरोदर राहिली. त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी नाना विषारी औषधे घेतली, ती निष्फळ ठरली. अखेर मूल जन्मले तेव्हा बेअब्रूच्या भयाने तिने ते मारले आणि विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांनी तिला पकडले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

या प्रसंगानंतर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या राहत्या जागेच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवण्यात आल्या. या घटनेतील विरोधाभास मननीय आहे. गृह गुप्ततेचे, पण त्याची घोषणा उघड. येणाऱ्या स्त्रीचे नाव झाकलेले, पण तिला आश्रय देणाऱ्याचे नाव भिंतीवर. गुपिताचा भार आश्रय देणाऱ्याने आपल्या शिरावर घेतला होता आणि तो घेतल्याची ग्वाही जाहीरपणे दिली होती. लोकनिंदेला तोंड द्यायचे ते त्याने. विधवेने केवळ दारापर्यंत यायचे.

फुल्यांनी दिलेला हिशेब मात्र अंगावर काटा आणणारा आहे. तोवर ३५ गरोदर विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० दगावली. कारणही त्यांनी नमूद केले आहे: गर्भावस्था लपवण्यासाठी त्या मातांनी आधी जी विषारी औषधे घेतली असावीत, त्यांनी पोटातच झालेल्या इजा. म्हणजे आश्रय उपलब्ध होता, पण आश्रयापर्यंत पोचण्याआधी भीतीने आपले काम केलेले होते. वैद्यकीय नीतीचा सारा विचार या एका आकड्यापाशी थांबून करावा लागतो. माणसाला मदतीच्या दारापासून दूर ठेवणारे भय त्याला पापापासून दूर ठेवत नाही. ते त्याला अधिक घातक उपायाकडे ढकलते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने जी चर्चा उसळली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. भय निर्माण करणारेच न्यायासनावर आणि पंचांच्या बैठकीत बसलेले आहेत, हा त्या पुस्तकाच्या मुळाशी असलेला संताप आजही शिळा झालेला नाही.

त्या काळात गुपिताचे शत्रू कोण होते? शेजाऱ्यांचे डोळे, सुईणीची जीभ, पोलिसांचा संशय. हे शत्रू क्रूर होते, पण त्यांनाही मर्यादा होत्या. डोळ्याला भिंत अडवते, जीभ कधीतरी थकते, स्मृती धूसर होते. शिवाय गुपित जाणणारा माणूस असतो. त्याला कणव येऊ शकते, लाज वाटू शकते, तो अखेरच्या क्षणी गप्प राहू शकतो. संगणकीय नोंदीला यांतले काहीच लागू होत नाही. गुपित म्हणजे दोघांतिघांनी जाणलेली आणि सांभाळलेली गोष्ट. नोंद ही अशी गोष्ट आहे की ती आज कोणीच वाचलेली नसते आणि उद्या कोणीही वाचू शकतो. तिला विसरता येत नाही, म्हणून क्षमाही करता येत नाही. जो ती बाळगतो त्याचे आणि जिची ती असते तिचे काही नातेच नसते. शिवाय नोंद ज्या कायद्याच्या काळात झाली, त्याच कायद्याच्या काळात ती वाचली जाईल याची शाश्वती नसते. निर्दोष म्हणून लिहिलेले वाक्य कायदा बदलताच कबुलीजबाब होऊन बसते.

याचा सर्वांत ठळक अनुभव अलीकडे अमेरिकेने दिला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली विवाहितांच्या संततिनियमनाच्या आणि १९७३ साली गर्भपाताच्या प्रकरणात स्त्रीचा निर्णय संरक्षित केला, तो खासगीपणाच्या तत्त्वावर. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्द केला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवला. दहाहून अधिक राज्यांनी जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. इतर काही राज्यांनी उलट संरक्षण वाढवले. तेव्हापासून एक नदी किंवा एक महामार्ग ओलांडला की तोच उपचार हक्काचा गुन्हा होतो किंवा गुन्ह्याचा हक्क. जो हक्क खासगीपणाच्या पायावर उभारला होता तो गेल्यावर पायाच्याच विटा किती सैल आहेत हे लोकांच्या ध्यानात आले.

सैलपणाची कारणे जुनी आहेत. १९७६ मध्ये बँकेच्या नोंदींबाबत आणि १९७९ मध्ये दूरध्वनीवरून फिरवलेल्या क्रमांकांबाबत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने असे मानले होते की, माणसाने आपण होऊन तिसऱ्याच्या हाती दिलेल्या माहितीवर त्याचा खासगीपणाचा दावा उरत नाही. दूरध्वनीच्या काळात या विचारात काही तथ्य असेलही. पण ज्या काळात एकही व्यवहार तिसऱ्याच्या हातून गेल्याशिवाय पूर्ण होत नाही, त्या काळात हा सिद्धान्त खासगीपणाच उरू देत नाही. २०१८ मध्ये मोबाईलवरून कळणाऱ्या ठावठिकाण्याच्या दीर्घ नोंदींपुरती त्याच न्यायालयाने या सिद्धान्ताला मुरड घातली आणि अशा नोंदींसाठी पोलिसांना वॉरंट आवश्यक ठरवले. रुग्णांच्या माहितीसंबंधी १९९६ चा संघीय कायदा आहे, पण तो डॉक्टर, रुग्णालये आणि विमा कंपन्यांना बांधतो; मासिक पाळीची तारीख टिपून ठेवणारे मोबाईलमधील ॲप सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. प्रजननविषयक उपचारांच्या नोंदी चौकशीसाठी देण्यावर बंधन घालणारा एक नियम २०२४ मध्ये केला गेला; जून २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला.

दोन प्रकरणांतून या व्यवस्थेचे मानवी स्वरूप दिसते. इंडियाना राज्यात भारतीय वंशाची एक स्त्री रक्तस्राव होत असताना रुग्णालयात आली. तेथून गोष्ट पोलिसांकडे गेली. गर्भपाताच्या गोळ्यांविषयी तिने मैत्रिणीला पाठवलेले मोबाईल-संदेश खटल्यात पुरावा ठरले आणि २०१५ मध्ये तिला २० वर्षांचा तुरुंगवास फर्मावण्यात आला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने भ्रूणहत्येचा दोषारोप रद्द केला आणि पुढे तिची सुटका झाली. नेब्रास्का राज्यात २०२२ मध्ये पोलिसांनी वॉरंट काढून फेसबुक चालवणाऱ्या कंपनीकडून एका आईचे आणि तिच्या १७ वर्षांच्या मुलीचे खासगी संदेश मिळवले. संदेश गर्भपाताच्या गोळ्यांविषयी होते. गर्भपात त्या राज्याची २० आठवड्यांची मुदत उलटल्यावर झाला होता. २०२३ मध्ये मुलीला ९० दिवसांची आणि आईला २ वर्षांची शिक्षा झाली. या दोन्ही प्रकरणांत कायदा काय होता आणि तो मोडला गेला की नाही, यावर विद्वानांत मतभेद असू शकतील. परंतु मैत्रिणीशी आणि आईशी केलेले बोलणे पुराव्याच्या पिशवीत जाते, तेव्हा पुढची मुलगी आईलाही विचारणार नाही, हे समजण्यासाठी विद्वत्तेची गरज नाही.

या परिस्थितीला प्रतिसाद म्हणून तेथे सावधगिरीचे एक नवे शास्त्रच जन्माला आले. दवाखान्यात जाताना फोन घरी ठेवावा. पैसे रोख द्यावेत. पाळीची तारीख कागदावर लिहावी. संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय वापरावी. टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेल्या माध्यमातूनच बोलावे. शोधयंत्रात काय विचारले ते पुसून टाकावे. हा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे आणि जिच्यावर वेळ आली आहे तिला तो देणे हे कर्तव्यही आहे. काही कंपन्यांनीही पावले उचलली. जुलै २०२२ मध्ये गूगलने जाहीर केले की गर्भपात-केंद्रासारख्या ठिकाणांना दिलेल्या भेटीच्या नोंदी आपण पुसून टाकू. २०२३ च्या अखेरीस फेसबुकच्या संदेशसेवेत कूटबद्धता मूळ व्यवस्था म्हणून लागू होऊ लागली.

तरीही नीतीच्या दृष्टीने या सल्ल्यात काहीतरी खुपते. तो सारा भार तिच्यावर टाकतो जी आधीच सर्वांत अधिक भारलेली आहे. जिला आठवड्यांचा हिशेब करायचा आहे, पैसे जमवायचे आहेत, रजा मिळवायची आहे आणि शरीराची वेदना सोसायची आहे, तिनेच आता आपल्या मागच्या पाऊलखुणाही पुसत जायचे. हे जमते कोणाला? जिच्याजवळ स्वतःचा फोन आहे, रोकड आहे, तंत्राची जाण आहे आणि थोडे एकांताचे तास आहेत, तिला. म्हणजे खासगीपणा हा हक्क न राहता एक कौशल्य होतो, आणि कौशल्याचे वाटप नेहमीच संपत्तीच्या मागोमाग चालते. दुसरा धोका अधिक खोल आहे. खुणा पुसण्याची सवय अखेर डॉक्टरपुढेही सुटत नाही. कोणती गोळी घेतली, किती दिवस झाले, हे रक्तस्राव होत असताना डॉक्टरला सांगावे की नाही, या विचारात जो वेळ जातो तो जिवाशी खेळ असतो. पुण्याच्या त्या गृहातील ३० मृत बालकांचा हिशेब येथे पुन्हा आठवतो. भीती आधी पोचते आणि आश्रय नंतर.

भारतातील चित्र निराळे आहे, पण निर्धास्त राहावे असे नाही. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि त्यात स्वतः स्त्रीलाही धरले. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला, तो मूळ गुन्हा न पुसता त्याला अपवाद करून. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मूळ गुन्हा कलम ८८ मध्ये कायम ठेवला. परिणामी येथे स्त्रीचा निर्णय हा तिचा हक्क म्हणून उभा राहत नाही. डॉक्टरच्या मतावर आणि आठवड्यांच्या गणनेवर तो अवलंबून असतो. जेथे अपवाद हाच आधार असतो तेथे अनिश्चितता दारातच उभी असते.

या कायद्याने गोपनीयतेचा विचार केला आहे, हे त्याचे श्रेय होय. २०२१ मध्ये घातलेल्या कलम ५-अ प्रमाणे गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपवाद एकच: कायद्याने अधिकृत केलेली व्यक्ती. पण राजाचा रोष याच फटीतून आत येतो. २०१२ चा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा १८ वर्षांखालील कोणाच्याही शरीरसंबंधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करतो. न दिल्यास शिक्षा आहे. हेतू निर्विवादपणे उदात्त आहे. मात्र सतराव्या वर्षी आपल्या पसंतीच्या मुलापासून गरोदर राहिलेली मुलगी डॉक्टरकडे जाते तेव्हा तिच्यापुढे उपचार आणि पोलीस एकाच दारातून येतात. मग ती त्या दाराकडे जातच नाही. औषधाच्या दुकानातून किंवा कोणाच्या तरी ओळखीने ती गोळ्या मिळवते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा पेच ओळखला आणि अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सांगितले. गुन्ह्याची खबर आणि मुलीचे नाव या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्या निकालाने दाखवून दिले. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे एकमुखाने घोषित केले होते. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु त्याने शासनाच्या अधिसूचित यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेतील स्त्रीला मुख्यतः राज्यसंस्थेच्या नजरेचे भय आहे. भारतातील स्त्रीला कित्येकदा घराच्या नजरेचे. घरात फोन एक असतो आणि तो नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा भावाच्या खिशात असतो. दवाखान्यात नाव नोंदवताना जो क्रमांक दिला जातो तो त्याचा असतो. तपासणीचा अहवाल तयार झाल्याचा संदेश, ओटीपी, पुढच्या भेटीची आठवण, हे सारे त्याच्या हाती पडते. मातामृत्यू कमी व्हावेत म्हणून सरकारी व्यवस्थेत प्रत्येक गर्भवतीची नावानिशी आणि फोन-क्रमांकासह नोंद होते, ते इष्टच आहे. पण एकदा नोंदलेली गर्भावस्था नंतर गुपचूप नाहीशी होऊ शकत नाही. चरकाच्या उपदेशातील पती किंवा पालक उपस्थित नसलेली स्त्री आज दवाखान्यात एकटी जाऊ शकते, हे खरे. परंतु तिच्या पाठोपाठ तो पालक संदेशाच्या रूपाने येऊन हजर होतो.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला गेलाच पाहिजे. गुप्तता ही नेहमी दुबळ्यांचीच ढाल असते काय? महाराष्ट्राला याचे उत्तर अनुभवाने माहीत आहे. सोनोग्राफीच्या खोलीच्या बंद दाराआड मुलींचे गर्भ ओळखले आणि पाडले गेले. १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पुढे कोल्हापूर जिल्ह्यात प्रत्येक सोनोग्राफीची माहिती ऑनलाइन भरणे आणि यंत्रावर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे नोंद ठेवणारे उपकरण बसवणे प्रशासनाने सक्तीचे केले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो अमान्य करून प्रशासनाचा उपक्रम वैध ठरवला. जन्माला न येणाऱ्या मुलींची बाजू घेणारा कोणीही त्या निकालाला सहजासहजी चुकीचे म्हणणार नाही.

हा आक्षेप गोपनीयतेचे तत्त्व मोडत नाही. ते अधिक नेमके करतो. कोणाचे गुपित आणि कोणाची सत्ता, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, एवढेच तो सांगतो. कोल्हापूरच्या प्रकरणात रुग्णाचे गुपित पुढे करणारे रुग्ण नव्हते. यंत्राचे धनी होते. १९९४ च्या कायद्यानेही हा विवेक पाळलेला आहे: लिंगनिदान करून घेणाऱ्या स्त्रीवर नवऱ्याची किंवा नातलगांची सक्ती झाली असावी, असेच तो विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतो. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्या व्यवहारावर प्रकाश हवा. शरीर जिचे आहे तिच्या कहाणीवर पडदा हवा. अडचण अशी की नोंद एकदा झाली की तिला हा विवेक राहत नाही. डॉक्टरवर लक्ष ठेवण्यासाठी भरलेल्या अर्जात स्त्रीचे नाव, पत्ता आणि तिच्या मुलांची संख्याही असते. एका चांगल्या हेतूने लावलेला दिवा दुसऱ्या कोणाच्या हाती गेला की तिच्याच तोंडावर धरला जाऊ शकतो. म्हणून हेतूच्या चांगुलपणावर विसंबणे पुरेसे नाही. एका कारणासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कारणासाठी वापरता येऊ नये, आणि कारण संपले की ती पुसली जावी, अशी व्यवस्था हेतूबरोबरच बांधावी लागते.

एवढ्यावरून जबाबदारीचा क्रम उलटा लावणे प्राप्त होते. सध्याचा क्रम असा आहे: आधी सारे काही नोंदले जाते, मग ज्याला भय आहे त्याने आपले आपण पुसावे. न्याय्य क्रम असा असेल: उपचाराला जे लागत नाही ते विचारूच नये, विचारले तर लिहू नये, लिहिले तर त्याचा सांभाळ लिहिणाऱ्याने करावा आणि त्याच्या फुटण्याची किंमतही त्यानेच मोजावी. हे बंधन वैद्याला आहे, रुग्णालयाच्या संगणकचालकाला आहे, औषधविक्रेत्याला आहे, ॲप बनवणाऱ्याला आहे आणि सर्वांहून अधिक कायदा करणाऱ्याला आहे. कायद्याला गुन्हेगार शोधण्याचा अधिकार आहे. पण रुग्णाच्या तोंडून वैद्यापुढे निघालेले वाक्य हे शोधाचे सर्वांत सोपे साधन आहे म्हणून तेच उचलावे, हा अधिकार त्याला नाही. वकिलापुढील अशिलाचे बोलणे कायद्याने सुरक्षित मानले, कारण त्याशिवाय न्यायदान चालणार नाही. वैद्यापुढील रुग्णाच्या बोलण्यावाचून तर जीवच चालत नाही.

फुल्यांच्या त्या अभिप्रायाकडे शेवटी पुन्हा वळावेसे वाटते. त्यात ३५ स्त्रियांचा उल्लेख आहे, पण तो संख्येने. त्या कोण होत्या, कोणत्या घरातून आल्या, बाळंत होऊन कोठे गेल्या, हे तेथे नाही. समाजाला आपल्या रूढीचे फळ कळावे यासाठी एवढी संख्या पुरेशी होती आणि तेवढीच दिली गेली. नाव आले आहे ते काशीबाईचे. तिला त्या घराचा आश्रय मिळाला नव्हता. ते घर अजून उघडायचे होते. ती न्यायालयापर्यंत गेली, म्हणून तिचे नाव आजही वाचता येते. जिला आश्रय मिळाला तिचे नाव उरले नाही, जिला मिळाला नाही तिचे उरले. वैद्याच्या दारात आलेल्या प्रत्येक भयभीत व्यक्तीला पहिल्या प्रकारात राहता यावे, एवढेच मागणे गोपनीयतेच्या नावाने केले जाते.